नीसचा नारळ

"डावीकडे बघ, आई! केवढाले बंगले!"

फ्रान्समधल्या नीसच्या किनाऱ्यावर फिरायला मी अर्ध्या दिवसाची खास गाडी ठरवली होती. ड्रायव्हर आंत्वान एकेका नटीचा बंगला दाखवत होता. आई मात्र उजवीकडच्या समुद्राकडेच बघत होती.

"बंदर आलं की थांब म्हणावं त्याला."

बाबा सव्वीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होते. त्यांची पत्रं याच बंदरातून हर्णैला यायची. गेले ते मात्र घरीच, झोपेत.

बंदराशेजारच्या किनाऱ्यावर आईनं चपला काढल्या, पिशवीतला शेंडीचा नारळ घेतला, त्याला कुंकू लावलं आणि पाण्यात सोडला. उन्हात पहुडलेल्या लोकांनी गॉगल वर केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय मागितलं त्यांनी?" आंत्वाननं हळूच विचारलं. मी आईला विचारलं.

"मागायचं काय? आभार मानायला आलेय मी."

तेवढ्यात लाटेनं नारळ पुन्हा तिच्या पायाशी आणून टाकला.

"घेतला नाही गं समुद्रानं," मी म्हणालो.

आई हसली. "खोडच आहे त्याची. तुझ्या बाबांनाही दरवेळी असाच परत आणून सोडायचा."