क्लिफला दाखवायचा विजय

चार मिनिटं उरली होती आणि थॉर्नशॉचा रग्बी क्लब चक्क पुढे होता. चौदा-बारा! कठड्याला रेलून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांचे दंड गच्च धरले होते. अख्ख्या मोसमात घरच्या मैदानावर एकही मॅच न जिंकलेला क्लब, मोसमाची शेवटची मॅच, आणि हे काय आक्रीत!

"डोरीन, तयारीत राहा गं," त्यांच्यातला बर्नार्ड ओरडला. "आज क्लिफ सुटतोय!"

डोरीननं काखेतली पिशवी आणखी घट्ट धरली. पिशवीतून लाल-पिवळं लोकरीचं टोपडं डोकावत होतं.

क्लिफ म्हणजे तिचा नवरा. जानेवारीत गेला. जाता जाता सगळ्यांदेखत बजावून गेला, "आपला क्लब जिंकलेला मला एकदा दाखव, आणि मग मला त्या गोलखांबांखाली ठेव." त्याला वाटलं असेल, फार तर एप्रिलपर्यंत काम होईल. भोळा बिचारा! डोरीननं त्याच्या रक्षेच्या बरणीला क्लबाच्या रंगांचं टोपडं विणलं आणि दर मॅचला ती कठड्यावर त्याच्या नेहमीच्या जागी मांडायला सुरुवात केली. मैदान राखणाऱ्या केनीनं खांबांखाली खड्डाही खणून ठेवला. क्लब हरत गेला, खड्ड्यात गवत उगवत गेलं, आणि केनी शिव्या घालत ते उपटत गेला.

लोकांनाही सवय झाली होती. आल्या आल्या "काय क्लिफ, बरं आहे ना?" व्हायचं. सडकून मार खाल्ला की "मजा आहे लेका तुझी, बघावं तरी लागत नाही" व्हायचं. मॅच संपली की बाकीचे तोंडं पाडून घरी जायचे. डोरीन मात्र बरणी काखोटीला मारून "चला हो, घरी जाऊ" म्हणत खुशाल निघायची. केवढं हे काळीज, असं लोक म्हणायचे.

आज मात्र तिनं बरणी कठड्यावर ठेवलीच नव्हती. "वारं झोंबतंय मेलं, आतच असू दे," म्हणाली. मध्यंतरात बर्नार्डनं सवयीनं चहासाठी हात पुढे केला, तर "आज चहा नाही मिळायचा" म्हणून त्याला वाटेला लावलं. बर्नार्डला राग आला नाही. नवऱ्याला कायमचा निरोप द्यायची वेळ आलेली, कसला चहा न् कसलं काय.

अगदी शेवटी समोरच्या बार्टन संघाला पेनल्टी मिळाली. तीही खांबांच्या समोर. लाथ नीट बसली की बरोबरी. बर्नार्डनं डोळे मिटून घेतले. चेंडू उडाला, ठण्णकन खांबावर आदळला आणि मागे आला. टोंगा बेटावरून आलेल्या धिप्पाड सिओनेनं, म्हणजे आपल्या कप्तानानं, त्यावर झडप घातली आणि मॅच संपल्याचा भोंगा वाजला.

मग काय विचारता! लोक रडले, नाचले, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला होता त्यांच्या गळ्यात पडले. केनीनं फाटक उघडलं. सिओने चिखलानं माखलेला, तसाच कठड्यापाशी आला आणि त्यानं डोरीनला हात दिला. "चला, मावशी. क्लिफना घेऊन या."

गर्दी बाजूला झाली. टोप्या उतरल्या. डोरीन खांबांपर्यंत चालत गेली. तिनं पिशवीत हात घातला, ते लाल-पिवळं टोपडं वर आलं आणि बर्नार्डला हुंदका फुटला. तिनं हळूच टोपडं काढलं.

आत चहाचा थर्मास होता.

केनीनं खड्ड्याकडे बघितलं, मग थर्मासकडे.

"अगं, क्लिफ कुठाय?" बर्नार्डनं विचारलं.

"घरी. खिडकीत बसवून आलेय. शेजारणीचं मांजर आहे सोबतीला."

"पण त्याची शेवटची इच्छा..."

"त्याची इच्छा मला नको शिकवूस, मेल्या! जिंकलेलं आधी दाखव, मग ठेव, असं म्हणाला होता. आज बघितलंय कुठे त्यानं?" मग ती टोपड्याची घडी घालत म्हणाली, "त्याला इथे ठेवलं तर मी मॅचला कुणाबरोबर येऊ रे? एकटी कधी आले नाही मी. आज आले, तर जीव नुसता घरी लागून राहिला."

बर्नार्डनं नाक पुसलं. "पण आज आपण जिंकणार हे तुला कसं कळलं?"

"शुक्रवारी रेडिओवर बार्टनचे खेळाडू सांगितले. पुढच्या फळीतले सगळे दांडगे गडी जायबंदी. त्यांच्या जागी मिसरूड न फुटलेली पोरं. त्यात आपला सिओने बरा होऊन परत आलेला. एवढं न कळायला मी काय या कठड्यावर काल आले?"

सगळ्यात आधी सिओने हसला. मग हसू गर्दीभर पसरलं. केनीनं पायानं माती लोटून खड्डा बुजवून टाकला. डोरीननं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि बर्नार्डच्या हातात दिला.

त्यानं एक घोट घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या कानाशी लागला.

"डोरीन, पुढच्या मोसमात त्याला घरी ठेवून आलीस ना, की मला आधी हळूच सांगत जा. मी आपल्या क्लबावर पैज लावीन."