दाजींचा उजेड

वाऱ्याने गल्लीतली तार तुटली आणि लाईट गेली. बाबा वायरमन, त्यामुळे ते ताटावरून उठून शिडी घेऊन गेले. खांबावरूनच त्यांनी आईला फोन केला, "डीपीवरून लाईन बंद केलीये. आता तार जोडतो. तोवर पंख्याशिवाय जगून बघा."

आमचे दाजी मात्र खुशीत होते. पिकअपमध्ये नवा इन्व्हर्टर बसवल्यापासून ते लाईट जायची वाट बघत होते आणि मेली जातच नव्हती. "एकेक पंखा काय जोडायचा, अख्खं घर पेटवतो," म्हणत त्यांनी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर तयार केली. एक पिन पिकअपच्या सॉकेटमध्ये घातली, दुसरी आमच्या भिंतीतल्या.

"दाजी, मेन स्विच चालूच आहे," मी म्हणालो. "आपली लाईट उलटी बाहेरच्या तारेत गेली तर?"

"बाहेर जायला ती काय मांजर आहे? गप बस."

पंखे फिरले. टीव्ही लागला. आईला तर भरूनच आलं. "जावई असावा तर असा! नाहीतर आमचे हे. जन्म गेला खांबावर, पण घरात कधी उजेड पाडला नाही."

तेवढ्यात शेजारच्या काकू हसत हसत फाटकातून आत आल्या.



"अहो, आमच्याकडेपण आली हो लाईट! तुमच्या ह्यांना मघापासून खालून सांगतेय, झालं काम, उतरा आता. पण ते ओच देत नाहीत."