सगळ्यांत हलकं कार्ड

तिचा बाप पैलवान खरा, पण आधीच ठरलेल्या कुस्त्यांतला. तिकीट काढून आलेल्यांसमोर नावाजलेल्यांकडून हरायचं, हीच त्याची रोजीरोटी. मोबाइलवरच्या कुस्तीच्या खेळात त्याचंही कार्ड निघालं, सगळ्यांत हलकं. फोटोत गुडघ्याला तीच पट्टी होती, लेकीने लहानपणी वाकडीतिकडी शिवलेली. लेकीने खेळात उघडलेल्या कार्डांच्या पाकिटांतून तो पाच वेळा निघाला. खेळात हलकी कार्डं चारली की ती नाहीशी होतात आणि भारी कार्ड तगडं होतं, म्हणून तिने पाचही बाप एका विजेत्याला चारले. मागे उभं राहून बापाने ते पाहिलं. ती ओशाळली. "बरं केलंस गं," तो हसला, "जन्मभर मी दुसरं काय केलं?" वर्षभरात तो गेला. आता ती औषधाच्या दुकानात काम करते; गिऱ्हाईक नसलं की खेळातलं पाकीट उघडते. विजेत्यांवर विजेते निघतात. "नशीब फळफळलंय तुझं! अजून कोण हवाय?" सोबतीण विचारते. "एक हरणारा हवाय."