थांबलेला सूर

लहानपणी या गाण्यांच्या नाटकाला बाबा रंगमंचाखाली बसून पेटी वाजवायचे. शेवटचं गाणं मीही तिसऱ्या रांगेतून म्हणायचे. माझा श्वास तोकडा, लांब ओळीत हमखास मागे पडायचे. मग बाबा सूर धरून ठेवायचे. नटमंडळी कुरकुरायची, पण माझी ओळ पुरी झाल्याशिवाय बाबा पट्टीवरून बोट उचलायचे नाहीत.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. आज मी लेकीला घेऊन त्याच नाटकाला आले. संगीत आता रेकॉर्ड केलेलं, गेल्याच महिन्यात नव्याने. खाली पेटीच नाही.

लेकीचा श्वासही माझ्यासारखाच. शाळेत हसतात म्हणून तिने गाणंच सोडलंय. पण शेवटचं गाणं लागलं तशी ती हळूच म्हणू लागली, आणि अर्ध्या ओळीत अडकली.

सूर पुढे गेला नाही.

रंगमंचावर सगळे तोंड उघडं ठेवून थांबले. भिंतीच्या कडेला बसलेल्या साउंडवाल्याने दोन्ही हात यंत्रावरून उचलले. "मी काही केलेलं नाही," तो पुटपुटला.

"आई, कोण थांबलंय?" लेकीने विचारलं.

"तुझ्यासाठी थांबलेत. सावकाश म्हण."

तिने श्वास घेतला. खालच्या रिकाम्या जागेत पेटीच्या भात्यानेही घेतला.