बाहीखालचं नाव

विश्रामबागेतल्या वर्गात इंदाबाई जरदोसी शिकायला आली, तेव्हा तिच्या बोटांच्या भेगांत रेशमी कापडाचे धागे अडकून ओढले जायचे. "मावशी, रानातलं काम थांबवा, नाहीतर या कापडाला हात लावू नका," शिकवणाऱ्या अंकिताने पहिल्याच आठवड्यात बजावलं. इंदाबाईने सहा महिने खुरपं हातात धरलं नाही. रोज तूप चोळून बोटं मऊ केली, चौकटीवर वाकून वाकून मान आखडून घेतली, आणि एका बड्या डिझायनरच्या झग्याची अख्खी बाही सोनेरी तारेने एकटीने भरली.

आज मुंबईहून फोटोवाला आला होता. बाहीवर हात ठेवलेल्या कारागिराच्या त्या हातांचा फोटो आणि खाली नाव, असं त्या डिझायनरच्या पुस्तकात छापून येणार होतं. इंदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. त्याने तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"मावशी, हे हात कष्टाचे वाटत नाहीत. जरा राकट, भेगाळलेले हात आहेत का कुणाचे?"

अंकिता भडकली. "अहो, बाही यांनीच भरलीय!"

"असू दे गं पोरी." इंदाबाई भिंतीला टेकून खाली बसली. भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "आमच्या हौसाचं हात लय भेगाळल्यात. माजी धाकटी जाऊ. सा महिनं झालं, माज्या वाटचा ऊस तीच भांगलतीया. तिला बलवा. आन् खाली नाव बी तिचंच घाला."