वरून घेतलेला घोट

"मला वेगळी वाईन नको, तुमच्यातलीच घोटभर घेईन," कुमुदताई म्हणाल्या. अच्युतरावांनी ही काटकसर लगेच जमेला धरली. दोघांचेही जोडीदार गेलेले, साठी उलटलेली. सहलीला आलेल्या या गावातलं नदीकाठचं हेमाडपंती देऊळ बघताना अच्युतरावांनी लग्नाचं विचारलं होतं. देऊळ झालं, द्राक्षमळे झाले, आता वायनरीत टेबलाशी बसले, तरी उत्तराचा पत्ता नव्हता.

ग्लास आला. कुमुदताईंनी मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून घोट घेतला. निम्मा पदरावर गेला.

"अहो, तोंड लावून प्या," अच्युतराव म्हणाले.

"उष्टी होईल. मग तुम्ही काय प्याल?"

"तीच."

कुमुदताईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग ग्लास ओठांना लावला, सावकाश घोट घेतला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलाला तुम्ही सांगा, माझ्या लेकीला मी सांगते."