अजून काही आहे तिचं?

हे मी लिहिणारच नव्हतो. अर्धं लिहून पुसूनही टाकलं. आता लिहितोच.

फोटो हातात घेतला तेव्हा जोब पेनफोल्ड हसत होता. लॉरेन फाटकातून आत आल्यापासून त्याची थट्टा चालू होती. "कौन्सिलकडून आली असशील तर कुत्रा मोकळा आहे," तो तिला म्हणाला होता. "आणि कागदबिगद असेल तर माझ्या बायकोला दे. मला वाचता येत नाही आणि मिझेली वाचून खोटं सांगते."

"कागद नाही, काका. फोटो आहे."

फोटोत एक तरुण बाई होती. डोक्याला रुमाल, कानात मोठ्या रिंगा, मागं बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या उंच वेली. कडेवर तान्हं मूल. ते मूल म्हणजे लॉरेनची आई. ती अनाथाश्रमात वाढली. तिच्याबरोबर आलेली वस्तू ही एवढीच. आयुष्यभर तिनं तो फोटो कोणाला दाखवला नव्हता. आता ती हॉस्पिटलात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. काल तिनं तो उशीखालून काढून लेकीला दिला आणि विचारलं, "तिनं मला टाकलं का गं?"

लॉरेन कित्येक वर्षं शोधत होती. चर्चची दप्तरं झाली, जनगणना झाली. शेवटी डीएनएच्या तपासणीत दूरचे कोणी नातेवाईक निघाले. इंग्लंडमधल्या केंटचे रोमानी, म्हणजे जिप्सी; आडनाव पेनफोल्ड. पण इकडं दगड मारला तर पेनफोल्डलाच लागतो. ती त्यांच्या वस्तीचं एकेक आवार पालथं घालत राहिली. कोणी चहा दिला, कोणी तोंडावर दार लावलं. दाखवायला तिच्याकडं काहीच नव्हतं. आज होतं.

जोबचं हसू गेलं. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.

"अजून काही आहे तिचं तुझ्याकडं?"

"नाही. एवढंच."

"फोनमध्ये काढून ठेवलाय?"

"अजून नाही. का?"

जोबनं फोटो जाळात टाकला.

लॉरेन किंचाळली. किटलीखालच्या जाळात तिनं सरळ हात घातला. जोबनं तिचं मनगट धरून मागं ओढलं. कागद कडेनं वळत गेला. बाई काळी झाली, मूल काळं झालं.

"थेरड्या!" लॉरेन ओरडली. "माझ्या आईकडं एवढंच होतं! ओळखत नव्हतास तर परत द्यायचास!"

जोब तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

मिझेली पाण्याची बादली घेऊन धावत आली. लॉरेनची बोटं तिनं पाण्यात बुडवली.

"हात काढू नकोस. आणि त्याला शिव्या देऊ नकोस, पोरी. आमच्यात माणूस गेलं की त्याचं सगळं जाळतात. कपडे, भांडी, राहती घोडागाडी. नावसुद्धा पुन्हा तोंडून काढत नाहीत."

"मग माझ्या आजीशी तुमचा काय संबंध?"

मिझेलीनं तिच्याकडं बघितलं. "परक्याच्या माणसाचं कोणी जाळतं का?"

लॉरेनचा हात पाण्यातच राहिला.

जोब जाळाकडं बघत बोलायला लागला. "हॉप्सच्या तोडणीला आलो होतो. मी लहान होतो. ती माझी थोरली बहीण. तिला ताप चढला. पोरीसकट हॉस्पिटलात ठेवली. आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलेलो. पोलिसांनी घोडे जुंपायला लावले, जिल्ह्याबाहेर काढलं. परत आलो तोवर ती गेलेली. आणि पोरगी कुठं दिली ते जिप्सींना कोण सांगणार? पोरीचा बाप हॉस्पिटलच्या पायरीवर बसून राहिला तर त्यालाच उचलून आत टाकला. मग आम्ही तिची गाडी जाळली. मला वाटलं होतं, तिचं काही उरलं नाही."

"आईला वाटतं, तिला टाकून दिली."

जोब झटकन वळला. "कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

"आधी टोपी बदल," मिझेली म्हणाली. "पोरीसमोर भंगारवाला दिसशील."

"भंगारवालाच आहे मी," जोब म्हणाला. पण टोपी बदलली.

लॉरेनच्या आईचे डोळे मिटलेले होते. छाती घरघरत होती. नर्सनं खुर्ची सरकवली, पण जोब बसला नाही. पलंगाच्या दांड्याला धरून वाकला.

"मी तुझा मामा," तो म्हणाला. "तुला कोणी टाकलं नाही. तुला आमच्यापासून नेलं."

मग कानाला तोंड लावून त्यानं बहिणीचं नाव घेतलं. गाडी जाळल्यापासून त्याच्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं. 

आईची बोटं हलली, असं लॉरेन म्हणते. नर्स म्हणाली, अशी हलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दफन झाल्यावर लॉरेन आवारात आली. हातात पिशवी होती. आईचा कोट, सपाता, चष्मा. जोबनं हात पुढं केला, तिनं पिशवी दिली नाही. एकेक वस्तू तिनं स्वतः जाळात टाकली. चष्म्याची काच तडकली तेव्हा तेवढी दचकली.

जोब माझा चुलत आजोबा. त्या दिवसांत लॉरेनशी माझी मैत्री झाली ती अशीच, जाळाशेजारी बसून. मी काहीबाही लिहितो हे तिला माहीत होतं.

"हे पण लिही," ती म्हणाली. "फक्त आईचं नाव घालू नकोस."

"नाही घालणार," मी तिला शब्द दिला.